तीनपैकी एक

ऑक्टोबर २०१८. प्रथम सत्राची परीक्षा नुकतीच संपली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी निकालपत्रकं भरायची घाई होती आणि घरी जेवणाच्या टेबलावर नववीच्या दोन तुकड्यांचे इतिहास-राज्यशास्त्राचे गठ्ठे पडले होते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. पेपर मीच काढलेला, नमुना उत्तरंही मीच लिहिलेली. पन्नासएक पेपर झाले की हात आपोआप चालायला लागतो. डोळे उत्तरावरून फिरतात ते ओळखीचे शब्द शोधत. शब्द दिसला की बरोबरची खूण, नाही दिसला की पुढं.

एक प्रश्न होता : ‘१९८२ मध्ये मुंबईतील गिरणी कामगार संपावर गेले. सकारण स्पष्ट करा.’ गुण तीन. माझ्या कागदावर मुद्दे लिहिलेले होते : अपुरं वेतन, बोनसचा वाद, १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळं एकाच संघटनेला मिळालेली मान्यता, कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांचं नेतृत्व. यातले तीन आले की तीन गुण.

एका मुलानं असं लिहिलं होतं :

‘आमचे आबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. बारा वर्षे काम करून पण ते बदलीच राहिले. पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभे राहायचे. कुणाचा खाडा असला तर आत घ्यायचे, नाहीतर परत खोलीवर. खोलीवर पंधरा जण होते. खाणावळीचे पैसे थकायचे. म्हणून ते संपावर गेले. तो संप अजून मागे घेतलेला नाही.’

मी ‘खाणावळीचे पैसे थकायचे’ याच्याखाली रेघ मारली, ती वेतनाच्या मुद्द्याजवळ जाते म्हणून. एक गुण दिला. शेवटच्या वाक्यावर लाल फुली मारली आणि समासात लिहिलं, ‘चूक. विषयांतर टाळावे.’ यात मला अर्धा मिनिटही लागलं नसेल.

पेपर वर्गात दाखवले, तेव्हा बाकीची मुलं बेरजा तपासत होती. कुणाचा अर्धा गुण मोजायचा राहिलेला, कुणाची पुरवणी तपासलीच नाही अशी तक्रार. हा मुलगा सगळ्यांच्या शेवटी टेबलापाशी आला. गुणांबद्दल काहीच बोलला नाही. शेवटच्या ओळीवरच्या फुलीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘मॅडम, हे चूक कसं? आबा म्हणत्यात, संप मागं घेतलाच न्हाई.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. गिरण्या पाडून तिथं टॉवर उभे राहिले. संप अजून चालू कसा असेल?’’

तो गप्प बसला. मुलं अशी गप्प बसतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे मला इतक्या वर्षांनंतर कळायला हवं होतं.

सुट्टीनंतर पालकसभा होती. आईवडील दोघंही कामावर, म्हणून सभेला आबा आले. पांढरा लेंगा, टोपी, हातात दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड सुतळीनं बांधलेलं. नातवाचे गुण बघितले, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘बाई, एक इचारायचं हुतं. संप कवा मागं घेतला, त्याची तारीख तुमच्या पुस्तकात हाय का?’’

माझ्याकडं तारीख नव्हती. सुरू झाल्याची होती, १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, हाही आकडा होता. संपला कधी, हे मी कधी कुणाला शिकवलंच नव्हतं. पाठ्यपुस्तकातल्या घटना आपापल्या संपतात असं मी धरून चालले होते.

आबांनी पिशवी सोडली. आत आणखी एक पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले कागद. प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, घड्यांवर फाटलेलं कार्ड आणि एक पास. पासावरचा तिकीट नंबर अजून वाचता येत होता, खात्याचं नाव अर्धं पुसलेलं. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी अर्ज केला होता, तेव्हा हे कागद बाहेर काढले होते. नंबर लागला नाही, पण कागद जपून ठेवलेले. ‘‘पाच वर्षं कताईखात्यात, मग साचे,’’ ते म्हणाले. ‘‘सगळी वर्षं बदलीच. पोरानं खोटं लिवलं न्हाई, बाई.’’

त्या रात्री मी पहिल्यांदा या विषयावर नीट वाचायला बसले. बदली कामगारांना कायम करावं, ही संपाच्या मागण्यांतली एक मागणी होती. म्हणजे माझ्या मुद्द्यांच्या कागदावर जे कारण नव्हतंच, ते त्या मुलानं लिहिलं होतं, आणि ते अस्सल कारण होतं. शेवटची ओळही खरी होती. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. हळूहळू विरत गेला. काही लोक कामावर परतले, काहींना परत घेतलं नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, आणि हजारो माणसं कोकणात, सातारा-सांगली-कोल्हापुराकडं आपापल्या गावी निघून आली. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत अजून परळ-लालबागच्या गाळ्यांच्या आठवणी निघतात. त्या घरांतल्या मुलांना मी हा धडा शिकवत होते, आणि तुमच्या घरी कुणी गिरणीत होतं का, एवढं साधं विचारलं नव्हतं.

गुण बदलणं सोपं नसतं. निकालपत्रक गेलेलं, नोंदवहीत बेरीज झालेली. मी मुख्याध्यापकांकडं गेले, तपासताना चूक झाली असं लिहून दिलं, सही घेतली. एकाचे तीन केले. वर्गात ते उत्तर मोठ्यानं वाचलं आणि कुठं चुकलं ते सांगितलं. मुलगा मान खाली घालून ऐकत होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

ही चूक केवळ घाईतून झाली असती, तर मी ती विसरून गेले असते. ती माझ्या तपासण्याच्या सवयीतून झाली होती, आणि ती सवय कुठून आली हे मला चांगलं माहीत आहे.

मी कित्येक वर्षं दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासले आहेत. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा : इतिहासाला २८, राज्यशास्त्राला १२. वेळ दोन तास. भूगोलाचा तसाच चाळीसचा वेगळा पेपर, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस. पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा. राज्यात नऊ विभागीय मंडळं, पेपर देणारी पंधरा-सोळा लाख मुलं. परीक्षक तपासतो, त्याच्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक. गडचिरोलीच्या मुलाला आणि दादरच्या मुलीला एकाच उत्तराला एकच गुण मिळावेत, म्हणून मुद्द्यांचा कागद असतो. या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या गावची मुलं कुणा अनोळखी परीक्षकाच्या मर्जीवर सोडली जाऊ नयेत असं मलाही वाटतं, आणि तो कागद त्यांचं रक्षण करतो.

पण बोर्डाच्या पेपरासाठी असलेला तो कागद आम्ही खाली खाली ओढत नेला. दहावीत असं विचारतात म्हणून नववीत तसंच, नववीत म्हणून आठवीत, आणि आता पाचवीतलं मूलही विचारतं, ‘‘मॅडम, किती मुद्दे लिहायचे?’’ वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आलं, प्रकल्प आले, कृतिपत्रिका आल्या. प्रकल्पसुद्धा मुलं स्टेशनरीच्या दुकानातले छापील चित्रांचे तक्ते कापून चिकटवतात, आणि आम्ही नीटनेटकेपणाचे गुण देतो. पालक म्हणतात, इतिहासात काय अवघड आहे, पाठ केलं की झालं. अकरावीच्या प्रवेशासाठी २०१० साली बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरायचे, हे आल्यापासून तर मी हेही ऐकलंय की गणित-विज्ञान सांभाळ, सामाजिक शास्त्रं गेली तर जाऊ देत. मी यावर पालकांशी वाद घालायची. आता त्यांना दोष देत नाही. त्या विषयात पाठांतरापलीकडं आम्ही काही मागितलंच नाही, तर त्यांना दिसणार काय?

दहावीच्या इतिहासाचं पुस्तक उघडून बघा. पहिलाच धडा इतिहासलेखनाचा आहे. व्हॉल्टेअर आहे, हेगेल आहे, मार्क्स आहे, मायकेल फुको आहे. लिओपॉल्ड फॉन रांके आहे, आणि मूळ कागदपत्रं तपासल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा त्याचा आग्रहही आहे. पुढं मौखिक साधनं येतात. हा धडा पुस्तकात घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पंधरा वर्षांच्या मुलांवर इतका विश्वास टाकल्याबद्दल. आणि आम्ही त्यावर विचारतो, अमुक ग्रंथ कोणी लिहिला? पर्याय चार, गुण एक. रांकेचं म्हणणं माझी मुलं तोंडपाठ म्हणून दाखवतात. ज्याच्या आजोबांनी सुतळी सोडून मूळ कागद माझ्यापुढं ठेवला, त्या मुलाच्या उत्तरावर मी ‘विषयांतर’ लिहिलं होतं.

पुढच्या तीन वर्षांनी गुण या गोष्टीकडं बघायची माझी नजरच बदलली. २०१८-१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले, आणि मार्च २०१९चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मुलं एका वर्षात एवढी बिघडली नव्हती. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. आमच्या या मुलाची तुकडी तेव्हा दहावीला होती.

त्याचा हात भूगोलात विशेष चालायचा. दहावीला भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ॲमेझॉनचं खोरं, ब्राझीलची उच्चभूमी, त्यांच्या आणि आपल्या लोकसंख्येचे आलेख. नकाशा भरताना तो पेन्सिलीला इतकी धार करायचा की कागद फाटेल असं वाटायचं. सूची कधी विसरला नाही. चाळीसपैकी अडतीस तरी घेईल, असं मी घरी म्हणत होते. २१ मार्च २०२०, शनिवारी इतिहासाचा पेपर झाला. सोमवारी २३ तारखेचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळं आधी लांबणीवर पडला आणि मग रद्दच झाला. मुलांना भूगोलाचे गुण मिळाले ते बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून. त्या वर्षी राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. गणितात तो बेताचा होता, इंग्रजीत त्याहून बेताचा. त्याच्या गुणपत्रिकेवर भूगोलाचे म्हणून जे गुण आहेत, त्यांत त्यानं काढलेला एकही नकाशा नाही. दुसरं काही करणं त्या वेळी शक्य नव्हतं, हे मला मान्य आहे. तरी फोनवर तो म्हणाला, ‘‘मॅडम, भूगोलाचा तेवढा द्यायला मिळाला पायजे हुता,’’ तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

२०२१ला परीक्षाच झाली नाही. नववीचे पन्नास, दहावीच्या अंतर्गत परीक्षांचे तीस, तोंडी-गृहपाठाचे वीस अशी बेरीज झाली आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. तेव्हा मला त्या ऑक्टोबरची आठवण झाली. नववीचा पेपर, कुणी बघत नाही म्हणून जेवणाच्या टेबलावर घाईघाईनं तपासलेला, तसलाच पेपर पुढच्या एका आख्ख्या तुकडीच्या दहावीच्या निकालाचा अर्धा भाग झाला होता.

मग मी काय बदललं? फार नाही. बोर्डाचा नमुना माझ्या हातात नाही आणि दहावीच्या मुलांना मी त्याच नमुन्यात तयार करते, कारण त्यांचं नुकसान करायचा मला हक्क नाही. पण सहावी ते नववीचे पेपर माझे आहेत. तिथं ‘सकारण स्पष्ट करा’खाली मी आता एक ओळ वाढवते : ‘हे तुम्हाला कशावरून समजले?’ त्याला एक गुण. आणि पेपराच्या महिनाभर आधी वर्गात फळ्यावर लिहून ठेवते की मी काय शोधणार आहे. कारण एक, त्याचा आधार एक, आणि दोन्ही तुमच्या शब्दांत. पुस्तकातली ओळ जशीच्या तशी लिहिली तरी गुण मिळतील, पण पूर्ण मिळणार नाहीत. पहिल्या वर्षी हुशार मुली रडल्या. त्यांनी सगळं पाठ केलं होतं, आणि त्यांच्या कष्टांचं मी अचानक मोल कमी केलं होतं. त्यांचं रडणं रास्त होतं. काय अपेक्षित आहे हे आधी न सांगता गुण कापणं हा अन्यायच, मग हेतू कितीही चांगला असो. तेव्हापासून महिनाभर आधी सांगते, आणि तेही लिहून.

खरी अडचण दुसरीकडून आली. ‘कशावरून समजले?’ याच्यापुढं मुलं लिहायला लागली, ‘मोबाईलवर आले होते.’ ‘आमच्या काकांनी सांगितले.’ एका मुलानं आपल्या कुळाच्या पराक्रमाची अशी कथा लिहिली, की तिच्यातले दोन राजे एकमेकांपासून शंभर वर्षं लांब होते. तो ती अभिमानानं लिहून आला होता. घरचं सांगणं म्हणून मी एका मुलाला तीन गुण दिले होते, मग याला शून्य कसं देऊ? रात्रभर घोळत राहिलं. शेवटी दोघांत फरक काय, ते मी स्वतःलाच विचारलं. आबांनी स्वतः जे भोगलं होतं ते सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडं कागद होता. कागद नसता तरी त्यांच्याबरोबरच्या दहा माणसांना विचारता आलं असतं. कुळाची कथा कुणी पाहिलेली नव्हती आणि तिला विचारायला जागाच नव्हती. मी त्या मुलाला एक गुण दिला, स्पष्ट लिहिल्याबद्दल, आणि बाजूला दोन्ही राजांच्या कारकिर्दींची वर्षं लिहिली. त्याचे वडील भांडायला आले. त्यांना मी चहा दिला आणि ती वर्षं परत दाखवली. ते नाराज होऊनच गेले. हा विषय शिकवताना माणसं नाराज होणारच. गणिताच्या सरांच्या वाट्याला हे येत नाही.

गेल्या वर्षी नववीच्या भूगोलात भूकंपाच्या परिणामांवर प्रश्न होता. अंतर्गत हालचालींचा धडा. आमच्याकडं हा धडा शिकवताना वर्ग शांत होतो, कारण कोयनेचा भूकंप प्रत्येक घरात आहे. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. तेव्हा संध्याकाळ होती आणि बायका स्वयंपाक करत होत्या. आमचे जुने घर पडले. हे मला पणजीने सांगितले.’

तो भूकंप पहाटे झाला. माणसं झोपेत होती, म्हणूनच इतकी माणसं गेली. पूर्वीची मी असते तर ‘संध्याकाळ’ला लाल रेघ मारून पुढं गेले असते. या वेळी मी लाल पेन खाली ठेवलं, उत्तराशेजारी पेन्सिलीनं ‘पणजीला पुन्हा विचार : कोणती वेळ?’ असं लिहिलं आणि गुणांची जागा मोकळी ठेवली.

तीन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली. हातात वहीचं फाडलेलं पान होतं.

‘‘मॅडम, मोठा भूकंप पहाटेच झाला. अंधार होता. पणजी म्हणाली, कौलं अंगावर आली आणि तिनं लेकराला पोटाखाली घेतलं. संध्याकाळचा तो नंतरचा धक्का. घर पडलेलं होतं, म्हणून त्या अंगणात तीन दगडांवर भाकरी थापत होत्या, तेव्हा परत हललं. तवा चुलीवरनं खाली पडला. ते तिला जास्त आठवतं.’’

‘‘का गं जास्त आठवतं?’’

‘‘पहाटे काय झालं ते कळायच्या आतच झालं, म्हणाली. संध्याकाळी तिला माहीत होतं की हा भूकंप आहे.’’

मी तिला ते पान उत्तरपत्रिकेला जोडायला सांगितलं. टाचणी नव्हती, म्हणून तिनं केसांतली पिन काढून लावली. मग मी लाल पेन उघडलं आणि मोकळ्या जागेत तीन लिहिले.